फ्लोरिडा पँथर्स कशामुळे उभे राहिले: ड्राफ्ट, मालक, की करमुक्त राज्य?

ब्रॉवर्डकर

आइस हॉकीच्या गप्पांत एक सल्ला फार आत्मविश्वासाने दिला जातो. संघ बुडालाय ना? मग चार-पाच वर्षं खुशाल तळाला राहू द्या, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडण्याच्या वार्षिक फेरीत, जिथे तळाच्या संघांना आधी पाळी मिळते, पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची पोरं उचला, पुढचं आपोआप होतं. मला हे साफ अमान्य आहे. फ्लोरिडा पँथर्सचा इतिहास नीट पाहिला तर हा सल्ला टिकत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा संघ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पँथर्स एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये, आले १९९३-९४ च्या हंगामात. तिसऱ्याच हंगामात, १९९६ ला, स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचले आणि कोलोरॅडोकडून चारही सामने हरले. त्यानंतर प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, एक मालिका, फक्त एक, जिंकायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात २००० पासून २०११ पर्यंत खेळलेल्या सलग दहा हंगामांत प्लेऑफच नाही. मग २०२३, २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन अंतिम फेऱ्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन जिंकल्या.

त्या दहा कोरड्या वर्षांत ड्राफ्टमध्ये काय कमी मिळालं होतं? २००१ ला चौथ्या क्रमांकावर स्टीफन वाइस, २००२ ला तिसऱ्या क्रमांकावर जे बाउमीस्टर, २००३ ला पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर नेथन हॉर्टन. शिवाय गोलपोस्टसमोर रॉबर्टो लुओंगो. लुओंगोला २००६ ला व्हँकुव्हरला देऊन टाकलं. बदल्यात आलेला टॉड बर्टुझी पँथर्सकडून सात सामने खेळला. हॉर्टन २०११ ला बॉस्टनकडून कप जिंकला, बाउमीस्टर २०१९ ला सेंट लुइसकडून. म्हणजे माणसं होती. ती सांभाळता आली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच: हा संघ ज्या दिवशी आपली माणसं स्वस्तात घालवायची थांबला आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेली माणसं पारखून घ्यायला लागला, त्या दिवसापासून सुधारला. ते काम २०२० च्या सप्टेंबरात जनरल मॅनेजर म्हणून आलेल्या बिल झिटोने केलं. गुस्ताव फोर्सलिंगला कॅरोलायनाने वेव्हरवर सोडलं होतं, म्हणजे कोणीही फुकट न्यावा असा; आज तो लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंत धरला जातो. कार्टर व्हरहेगीला टँपा बेने नवा करार देऊ केला नाही. ब्रँडन माँटूर बफेलोकडून तिसऱ्या फेरीच्या एका ड्राफ्ट-हक्कावर आला. सॅम बेनेट कॅल्गरीत कोमेजला होता. २०२५ च्या प्लेऑफमध्ये याच बेनेटने १५ गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ चषक घेतला.

विरोधी मतं जरूर मांडा, पण नावानिशी मांडा.

हिमरेषा (टोरांटो)

ब्रॉवर्डकर, यादी छान आहे, पण तुम्ही तीन नावं सोयीस्करपणे वगळलीत. अलेक्झांडर बार्कोव्ह: २०१३, दुसरा क्रमांक. आरन एकब्लाड: २०१४, पहिला क्रमांक. जोनाथन ह्युबर्डो: २०११, तिसरा क्रमांक. हे तिघं तळाला राहिल्यामुळेच मिळाले.

बार्कोव्ह काढून टाका आणि मग सांगा तुमचा फोर्सलिंग आणि व्हरहेगी कुठवर जातात ते. समोरच्या संघातला सगळ्यात धोकादायक खेळाडू कोण असेल त्याच्यावर बार्कोव्हला सोडायचं, ही त्यांच्या खेळाची सुरुवात. २०२४ ला आणि २०२५ ला एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडसमोर तोच उभा होता. असा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, बाजारात विकत मिळत नाही. बाजारात येतच नाही. तो ड्राफ्टमध्येच घ्यावा लागतो, आणि वरच्या क्रमांकावर घ्यावा लागतो.

मॅथ्यू कचकचंही तेच. २०२२ च्या जुलैत तो कॅल्गरीहून आला तो ह्युबर्डो, मकेन्झी वीगर, एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीचा एक हक्क देऊन. ह्युबर्डोने नुकत्याच संपलेल्या हंगामात ११५ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) केले होते. तिसऱ्या क्रमांकाचा ह्युबर्डो नसता तर कचकच्या बदल्यात काय देणार होतात?

झिटो हुशार आहे, वाद नाही. पण त्याला पाया आधीच्या मॅनेजरने, डेल टॅलनने, घातलेला मिळाला. गोलकीपर बॉब्रॉव्स्कीचा सात वर्षांचा सात कोटी डॉलरचा करारही टॅलनचाच, २०१९ चा. त्या कराराला चार वर्षं सगळ्यांनी नावं ठेवली, आणि दोन्ही कपांच्या वेळी गोलपोस्टसमोर तोच होता.

नायगाराअलीकडे

मी बफेलोत राहते आणि इथल्या सेबर्स संघाची चाहती आहे, म्हणून हिमरेषांना उत्तर देणं माझं काम आहे असं समजते.

तळाला राहून काय मिळतं ते आम्हाला विचारा. २०१४-१५ ला आम्ही शेवटचे आलो, कारण त्या वर्षी मॅकडेव्हिड ड्राफ्टमध्ये होता. मार्चमध्ये घरच्या मैदानावर ॲरिझोनाने ओव्हरटाइममध्ये आमच्यावर विजयी गोल केला, तेव्हा आमच्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो आवाज अजून सहन होत नाही. पहिल्या क्रमांकासाठीची लॉटरी लागली एडमंटनला. आम्हाला दुसऱ्या क्रमांकाचा जॅक आयकल मिळाला, आणि तोही थोर खेळाडूच. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्याच क्रमांकाचा सॅम राइनहार्ट. २०१८ ला पहिला क्रमांक रास्मस डालिन, २०२१ ला पुन्हा पहिला क्रमांक ओवेन पॉवर. आणि निकाल? २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफ नाही. पँथर्सचा दहाचा विक्रम आम्ही मोडला.

आता बघा आमची माणसं कुठे जिंकली. रायन ओरायली २०१९ ला सेंट लुइसकडून जिंकला, कॉन स्माइथसकट. आयकलच्या मानेवर कोणती शस्त्रक्रिया करायची यावरून संघाचं आणि त्याचं बिनसलं, तो व्हेगसला गेला आणि २०२३ ला कप जिंकला. राइनहार्ट आणि माँटूर फ्लोरिडाला गेले. २०२३-२४ ला राइनहार्टने ५७ गोल केले आणि २४ जून २०२४ ला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात विजयी गोलही त्याचाच.

ड्राफ्टने खेळाडू मिळतो, हे मान्य. पण हरण्याची सवय लागलेल्या ड्रेसिंग रूममध्ये अठरा वर्षांचा मुलगा टाकला की तो हरायलाच शिकतो. त्याला जिंकणं दाखवणारी मोठी माणसं आजूबाजूला लागतात, आणि ती आम्ही एकेक करून घालवली.

चंद्रकोर

नायगाराअलीकडे, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

पण ब्रॉवर्डकर, एका गोष्टीचा या धाग्यावर कोणी उच्चारच केला नाही. नशीब. २०२३ ला पँथर्स ९२ गुणांवर प्लेऑफमध्ये शेवटच्या जागेवर शिरले, आणि तेही पिट्सबर्ग घरच्या मैदानावर तळाच्या शिकागोकडून हरलं म्हणून. पहिल्या फेरीत समोर बॉस्टन: ६५ विजय, १३५ गुण, लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम हंगाम. पँथर्स मालिकेत ३-१ ने मागे (आधी चार सामने जिंकणारा पुढे जातो). पाचव्या सामन्यात बरोबरी, शेवटचे काही क्षण शिल्लक आणि बॉस्टनचा ब्रॅड मार्शंड एकटा गोलकडे सुटला. बॉब्रॉव्स्कीने अडवलं. तो गोल झाला असता तर मालिका तिथेच संपली होती. सातव्या सामन्यात एक मिनिट उरलेलं असताना माँटूरने बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये व्हरहेगीने जिंकून दिलं.

तो एक फटका आत गेला असता तर झिटोला त्याच उन्हाळ्यात घरी बसवा म्हणणाऱ्यांची रांग लागली असती. ह्युबर्डोला का घालवलं, प्रशिक्षक का बदलला, सगळे प्रश्न विचारले गेले असते. आपण निकाल पाहून मागे जातो आणि योजना शोधून काढतो.

ब्रॉवर्डकर

चंद्रकोर, त्या एका क्षणाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. पण एका फटक्याने एक मालिका जिंकता येते. सलग तीन वर्षं पूर्व विभाग जिंकून अंतिम फेरी गाठता येत नाही. नशीब तीन हंगाम एकाच दारात उभं राहत नाही.

आणि योजना मागाहून शोधलेली नाही. २०२१-२२ ला पँथर्सनी ५८ सामने जिंकले, १२२ गुण केले, लीगमध्ये पहिले आले, सर्वाधिक गोल केले. पहिली फेरी जिंकून २६ वर्षांचा दुष्काळही संपवला. दुसऱ्या फेरीत टँपा बेने ४-० ने धुतलं. चार सामन्यांत मिळून तीन गोल. अख्ख्या प्लेऑफमध्ये पॉवर प्लेच्या (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाच्या) ३१ संधी आणि गोल एक.

इतर कुठलाही मॅनेजर म्हणाला असता, एवढा सुंदर हंगाम झालाय, हात लावू नका. झिटोने दोन महिन्यांत हंगामी प्रशिक्षक अँड्र्यू ब्रुनेटला कायम न करता पॉल मॉरिसला आणलं, आणि संघातला सर्वाधिक गुणांचा खेळाडू देऊन कचक घेतला. कारण सरळ होतं: तो वेगवान, मोकळा खेळ मार्चपर्यंत चालतो. एप्रिलपासून, म्हणजे प्लेऑफमध्ये, समोरचा श्वास घेऊ देत नाही. मॉरिसने संघाला फोरचेकवर उभं केलं, म्हणजे चकती समोरच्याच्या कोपऱ्यात टाकायची आणि त्याच्या बचावपटूला प्रत्येक वेळी अंगावर घेऊन खेळायला लावायचं. पहिल्या वर्षी त्याची किंमत मोजली; १२२ वरून ९२ गुणांवर आले. ती घसरण अपेक्षित धरून केलेला बदल होता. यशस्वी हंगामानंतर असं धाडस करायला मी या खेळात फार कमी लोकांना पाहिलंय.

हिमरेषा, बार्कोव्हबद्दल वाद नाहीच. पण २०१३ ते २०२० सात वर्षं बार्कोव्ह याच संघात होता, एकब्लाड होता, ह्युबर्डो होता. तेव्हा एकही मालिका का नाही जिंकली? त्याच काळात प्रशिक्षक जेरार्ड गॅलंटला २०१६ च्या नोव्हेंबरात कॅरोलायनाच्या सामन्यानंतर तिथल्या तिथे काढलं. आदल्याच हंगामात त्याने १०३ गुण मिळवून दिले होते. २०१७ ला व्हेगसचा नवा संघ तयार होताना ३० गोल करणारा जोनाथन मार्शेसो त्यांना मोकळा सोडला, आणि व्हेगसने त्याला घ्यावं म्हणून रायली स्मिथही सोबत दिला. गॅलंटने व्हेगसला पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत नेलं. २०२३ च्या अंतिम फेरीत व्हेगसनेच पँथर्सना हरवलं. त्या संघात स्मिथ होता, आणि कॉन स्माइथ मिळाला मार्शेसोला. आणि हो, तो व्यवहार तुमच्या टॅलननेच केला होता.

हिमरेषा (टोरांटो)

टॅलनची ती चूक मोठी होती, नाकारत नाही. पण त्याआधी वर्षभर त्याला बाजूला सारून दुसऱ्यांच्या हाती कारभार दिला होता, गॅलंटला काढलं तेव्हा तो मॅनेजर नव्हता. मग शीर्षकात तुम्ही ज्या मालकाचा उल्लेख केलात, त्याच व्हिन्सेंट व्हायोलाच्या काळात हा गोंधळ झाला, हेही लिहा.

आणि एक मुद्दा राहिलाच: कर. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही. लीगमध्ये सगळ्या संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा. म्हणजे कागदावर आठ लाख डॉलर सारखेच दिसले तरी खेळाडूच्या हाती तिथे टोरांटोपेक्षा बरेच जास्त पडतात. २०२५ च्या उन्हाळ्यात बेनेट वर्षाला ८० लाखांवर राहिला, एकब्लाड ६१ लाखांवर, मार्शंड साडेबावन्न लाखांवर. मोकळ्या बाजारात त्यांना याहून जास्त मिळालं असतं, असं जवळपास सगळे म्हणत होते. आमच्या संघाला ही सवलत कधीच मिळणार नाही.

नायगाराअलीकडे

कर १९९३ पासूनच नाही हो फ्लोरिडात! मग वीस वर्षं कोणी का राहिलं नाही? लुओंगो का गेला? बाउमीस्टर का गेला? करातली सूट जिंकणाऱ्या संघाला उपयोगी पडते. हरणाऱ्या संघात कोणी पैसे वाचवायला करिअर घालवत नाही.

कालवाकाठ

मीही ब्रॉवर्ड काउंटीतच, पँथर्सच्या गावी, राहतो आणि सामनेही पाहतो. पण इथे सगळे खेळाडूंबद्दल बोलताहेत, पैशाबद्दल कोणी नाही.

सनराइज गावातलं पँथर्सचं स्टेडियम काउंटीच्या मालकीचं आहे, १९९८ ला उघडलं. व्हिन्सेंट व्हायोलाने संघ २०१३ ला घेतला, आणि २०१५ च्या डिसेंबरात काउंटीकडून सुमारे ८.६ कोटी डॉलरची मदत पदरात पाडून घेतली, पुढच्या अनेक वर्षांत विभागून. पैसा मुख्यतः हॉटेलांवरच्या पर्यटन करातून. तेव्हा संघ हरत होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि मदत नाही मिळाली तर संघ दुसऱ्या शहरात जाईल अशी टांगती तलवार होती. हॉटेलच्या खोल्यांवर मिळणारा हाच पैसा समुद्रकिनाऱ्यांच्या देखभालीला, पर्यटनाच्या इतर कामांना लागतो. तो एका अब्जाधीशाचा तोटा भरायला गेला.

कप जिंकल्यावर सगळ्यांना विसर पडला. मी विसरलो नाही. संघ सुधारण्यात झिटोचं डोकं आहे तसा आमचा पैसाही आहे, आणि नफ्यात आमचा वाटा नाही.

ब्रॉवर्डकर

कालवाकाठ, आकडा बरोबर आहे आणि राग समजतो. तरी माझं मत वेगळं आहे. स्टेडियम काउंटीचं, तर ते रिकामं पडलं की कर्जाचे हप्ते काउंटीच्याच गळ्यात. संघ गेला असता तर तिथे वर्षातून चाळीसेक रात्री दुसरं काय भरलं असतं?

आणि व्हायोलाने एक कठीण गोष्ट केली ती सांगायला हवी. त्याच्या आधी इथे फुकट तिकिटं पावलोपावली मिळत. आकडा फुगलेला दिसे, पण तिकिटाला किंमतच उरली नव्हती. जो प्रामाणिकपणे हंगामाचे पैसे भरे, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर फुकट आलेला बसे. नव्या मालकांनी हे बंद केलं. परिणाम म्हणून २०१४ च्या ऑक्टोबरात ओटावाविरुद्ध साडेसात हजारांपेक्षाही कमी लोक आले. स्टेडियम एकोणीस हजारांचं. देशभर फोटो फिरले, संघ हलवा म्हणून लेख आले. तरी त्यांनी फुकट वाटप पुन्हा सुरू केलं नाही. आज त्याच जागी तिकीट मिळवायला धावपळ करावी लागते.

हिमरेषा, तुमची दुरुस्ती मान्य: २०१६ चा गोंधळ याच मालकाच्या काळातला. म्हणून तर मी मालकाला श्रेय देत नाही, झिटोला देतो. मालकाचं श्रेय एवढंच की २०२३ च्या फेब्रुवारीत संघ प्लेऑफच्या बाहेर होता तेव्हा त्याने कुणाला काढलं नाही.

मैदानावरचा

मी गवतावरची आणि टर्फवरची हॉकी खेळलेला माणूस, बर्फावरची टीव्हीपुरतीच. कालवाकाठ यांच्या मुद्द्यावरून एक सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे हॉकी इंडिया लीगमध्ये २०१३ ला मुंबई मॅजिशियन्स होता. दोन हंगामांत तो संपला. मग दबंग मुंबई आला, त्यांनी संघ हळूहळू बांधला आणि २०१७ ला अंतिम फेरी गाठली, कलिंगा लान्सर्सकडून हरले. म्हणजे तोही एक सावरलेला संघच होता. पण २०१७ नंतर लीगच बंद पडली. २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता, आणि सामने झाले राउरकेला आणि रांचीत.

पँथर्स वीस वर्षं हरू शकले कारण त्यांची लीग उभी होती. पगारावर मर्यादा, श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा गरीब संघांना, खालच्या श्रेणीत घसरण नाही. झिटोला हुशारी दाखवायला २०२० साल उगवलं ते या व्यवस्थेमुळे. आमच्या संघांना सुधारायला वेळच मिळाला नाही. मुंबईतल्या, पुण्यातल्या मुलांनी ज्या संघाचा शर्ट घालायचा तो संघच उरला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खेळाडू निवडायची अक्कल आपल्याकडेही आहे.

चंद्रकोर

मैदानावरचा, हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. पण मग बफेलोचं काय? लीग तीच, मर्यादा तीच, सवलती त्याच.

नायगाराअलीकडे

बरोबर विचारलंत. व्यवस्था जगवते, जिंकवत नाही. आमच्या मालकांनी २०११ ला संघ घेतला तेव्हा पैशाची कमतरता अजिबात नव्हती. पण प्रशिक्षक येत गेले, जात गेले, आणि प्रत्येक नव्या माणसाने आधीच्याचं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं. राइनहार्ट आमच्याकडे सात हंगामांत पाच प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. त्याला फ्लोरिडात बार्कोव्हच्या शेजारी एक ठरलेली जागा मिळाली आणि तो ५७ गोलांचा खेळाडू झाला. आमच्याकडेही तो तोच माणूस होता.

हिमरेषा (टोरांटो)

...आणि शेजारी बार्कोव्ह होता. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय, ताई.

शेवटचं विचारतो. मार्शंडला ३७ व्या वर्षी सहा वर्षांचा करार दिलाय. सेठ जोन्स आणि मार्शंडसाठी पुढचे ड्राफ्ट-हक्क दिलेत, आणि भविष्यातला गोलकीपर म्हणून तेराव्या क्रमांकावर घेतलेला स्पेन्सर नाइटही जोन्सच्या बदल्यात गेला. बार्कोव्ह म्हातारा होईल तेव्हा दुसरा बार्कोव्ह कुठून आणणार? वेव्हरवर?

ब्रॉवर्डकर

जोन्स आणि मार्शंड २०२५ च्या मार्चमध्ये आले आणि जूनमध्ये कप आला. ज्या संघाने २६ वर्षं एक मालिका जिंकली नाही, त्याच्या चाहत्याला मी विचारलं की दोन कप घेशील की २०३० चा ड्राफ्ट, तर उत्तर काय येईल ते मला ठाऊक आहे. २०३० ला संघ तळाला गेला तर जाईल. तेव्हाही कोणीतरी सोडलेला एखादा फोर्सलिंग शोधणारा माणूस ऑफिसात असला पाहिजे. आणि तसा माणूस नसेल, तर पहिल्या क्रमांकाचा खेळाडू मिळूनही एडमंटनसारखं होतं: सहा वर्षांत चार वेळा पहिला क्रमांक मिळाला, त्यांत मॅकडेव्हिडही मिळाला, आणि दोन्ही अंतिम फेऱ्यांत ते आमच्याकडून हरले.